सर्व्हिस मॅपमध्ये टेनंट वेगळे ठेवायचे तर आधी दुवे बघा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुमची कंपनी बारा ग्राहकांची आयटी यंत्रणा सांभाळते आणि सगळ्यांसाठी सर्व्हिस मॅपिंगचं, म्हणजे कोणती सेवा कोणत्या यंत्रांवर उभी आहे याचा नकाशा काढणारं, सॉफ्टवेअर एकच आहे. त्यातला प्रत्येक ग्राहक म्हणजे एक टेनंट. प्रत्येक नोंदीवर ‘कंपनी’ हा कॉलम आहे, त्यावर अ‍ॅक्सेसचे नियम आहेत. तरीही एका ग्राहकाला स्वतःच्या बिलिंग सर्व्हिसच्या मॅपमध्ये भलत्याच ग्राहकाच्या डेटाबेस सर्व्हरचं नाव दिसलं. आता टीममध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो नियम आणखी कडक करा, दुसरा म्हणतो बारा वेगळी इन्स्टॉलेशन टाका. शिवाय एक ग्राहक तीन महिन्यांनी सोडून चाललाय. त्याचा डेटा त्याच्या हाती कसा द्यायचा आणि तुमच्याकडून पुसायचा कसा, हेही तुम्ही विचारलंय.

मी हे काम बरीच वर्षं करते आहे, काही ग्राहकांच्या बाजूने आणि काही सेवा देणाऱ्यांच्या बाजूने. माझ्या मते दोन्ही तट एकच गोष्ट विसरतायत. ‘कंपनी’ कॉलम नोंदीवर असतो, आणि सर्व्हिस मॅप नोंदींचा बनत नाही, दुव्यांचा बनतो. हा अ‍ॅप्लिकेशन त्या डेटाबेसशी बोलतो, तो डेटाबेस या व्हर्च्युअल मशीनवर चालतो, ते मशीन त्या होस्टवर, म्हणजे खऱ्या सर्व्हरवर, आहे: ही साखळी म्हणजे मॅप. तुमच्याकडे सर्व्हरला मालक आहे, पण दोन सर्व्हरमधल्या दुव्याला मालक नाही. तुमची गळती त्या बिनमालकीच्या दुव्यातून झाली असणार, हे मी तुमची सिस्टिम न बघताही बऱ्याच खात्रीने सांगू शकते.

दुसरी गोष्ट, तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. ही नोंद कोणाची? ती कोणाला दिसावी? आणि तिच्यावर काही करायची, म्हणजे स्कॅन चालवायची, क्रेडेन्शियल (लॉगिनची नावं-पासवर्ड) वापरायची, दुवा बदलायची मुभा कोणाला? अ‍ॅक्सेसचे नियम फक्त मधल्या प्रश्नाचं उत्तर देतात. पहिल्याचं उत्तर चुकलेलं असेल तर नियम कितीही कडक करा, ते चुकीच्या मालकाचं इमानेइतबारे रक्षण करत राहतील.

वेगळी इन्स्टॉलेशन कधी

हे तुमच्या करारांवर ठरेल, माझ्या मतावर नाही. एखाद्या ग्राहकाला स्वतःची एन्क्रिप्शन की हवी असेल, डेटा अमुकच ठिकाणी राहिला पाहिजे अशी अट असेल, किंवा अपग्रेड कधी घ्यायचं हे तोच ठरवणार असेल, तर त्याला वेगळं इन्स्टॉलेशन द्या आणि वाद मिटवा. फक्त त्याचा एकट्याचा डेटा मागच्या मंगळवारच्या स्थितीला परत न्यायची हमी दिली असेल तरीही तेच. सामाईक डेटाबेसच्या बॅकअपमधून एकाच टेनंटच्या ओळी वेचून काढणं कागदावर सोपं दिसतं. मी एकदा केलंय, पुन्हा करणार नाही.

पण तुमचे बाराही ग्राहक एकाच स्टोरेजवर, त्याच लोड बॅलन्सरमागे (येणारं काम सर्व्हरमध्ये वाटणारं उपकरण) आणि त्याच व्हर्च्युअलायझेशन क्लस्टरवर बसलेत असं तुम्ही लिहिलंय. मग बारा इन्स्टॉलेशन करूनही तो सामाईक थर कुठेतरी नोंदवावाच लागेल. तो बारा ठिकाणी नोंदवला तर बारा वेगळ्या अवस्थांत राहील. स्टोरेज बंद पडलं तर कोणाकोणाला फटका बसला हे बघायला तुमच्या ऑपरेशन्सच्या माणसाला बारा खिडक्या उघडाव्या लागतील. मग कोणीतरी सगळ्यांचा डेटा एकत्र आणणारा डॅशबोर्ड बनवेल, आणि तुम्ही फिरून त्याच प्रश्नाशी याल, फक्त आता नियमांशिवाय. म्हणून तुमच्या परिस्थितीत मी एकच इन्स्टॉलेशन ठेवीन, एखाददुसऱ्या कडक अटींच्या ग्राहकाचा अपवाद सोडून.

प्रॉडक्टमध्ये डोमेनची, म्हणजे प्रत्येक टेनंटसाठी वेगळ्या बंद कप्प्याची, सोय असेल तर ती वापरा, कॉलमवर भागवू नका. सर्व्हिसनाऊ या आयटी व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमधल्या डोमेन सेपरेशनचं सूत्र लोक असं सांगतात की डेटा वर दिसतो आणि प्रोसेस खाली उतरते. वरच्या डोमेनमधल्या माणसाला खालच्या डोमेनचा डेटा दिसतो, वर ठरवलेले नियम खाली लागू होतात, आणि शेजारी शेजाऱ्याला बघत नाही. इतर प्रॉडक्टमध्ये शब्द वेगळे, पण घडण थोडीफार तीच. एक इशारा मात्र देते. ग्लोबल डोमेनमधली नोंद सगळ्यांना दिसते. ‘हे नक्की कोणाचं ते ठरत नाही, तूर्त ग्लोबलमध्ये टाकू’ हे वाक्य मीटिंगमध्ये ऐकू आलं की हात वर करा.

मालकी डेटा गोळा होतानाच ठरली पाहिजे

बहुतेक ठिकाणी क्रम उलटा असतो. डिस्कव्हरी, म्हणजे नेटवर्कमधली यंत्रं आपोआप शोधणारा भाग, सगळं गोळा करते, मग रात्री एखादं स्क्रिप्ट आयपी रेंज किंवा सर्व्हरच्या नावाचा उपसर्ग बघून ‘कंपनी’ भरतं. हे वरातीमागून घोडं आहे. स्क्रिप्ट चालेपर्यंतच्या काही तासांत ती नोंद कोणाचीच नसते किंवा सगळ्यांची असते. त्याहून वाईट म्हणजे, दोन ग्राहकांच्या नोंदी तोवर एकमेकांत विरघळलेल्या असू शकतात.

हे विरघळणं नीट समजून घ्या, कारण नंतर दुरुस्त करायला सगळ्यात महाग पडणारी चूक हीच आहे. १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या दस्तऐवजाने खासगी वापरासाठी आयपी पत्त्यांचे तीन पट्टे राखून ठेवले: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. तुमचे बाराही ग्राहक यांतलेच पत्ते वापरतात, त्यामुळे १०.१.१.१० हा पत्ता तुमच्याकडे पाच-सहा वेळा तरी असेल. डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं डिफॉल्ट ब्रिज नेटवर्क १७२.१७.०.०/१६ असतं, म्हणजे ज्या-ज्या मशीनवर डॉकर तसंच्या तसं बसवलंय तिथे १७२.१७.०.२ हा कंटेनर भेटणार. नुसत्या आयपीवरून ओळख पटवणारा मॅप इथेच फसतो.

‘आम्ही आयपी नाही, सिरियल नंबर वापरतो’ असं तुम्ही म्हणाल. सिरियल नंबरच्या जागी ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ (निर्मात्याने भरावे) हे वाक्य जसंच्या तसं सोडलेले मदरबोर्ड मी इतके पाहिलेत की त्या वाक्याला स्वतःची नोंद द्यावी असं वाटतं. व्हर्च्युअल मशीनची क्लोन कॉपी काढताना यूयूआयडी (मशीनचा ओळख क्रमांक) तोच राहिला तर दोन मशीन एक होतात. मॅक अ‍ॅड्रेसवरही, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या पत्त्यावरही, विसंबू नका. व्हीआरआरपी वापरणाऱ्या, म्हणजे एक बंद पडला तर दुसऱ्याने काम उचलायचं अशा, राउटर जोडीचा आभासी मॅक ००-००-५ई-००-०१ ने सुरू होतो आणि शेवटी फक्त गटाचा क्रमांक येतो. दोन ग्राहकांनी गट क्रमांक १ निवडला, आणि तो सगळेच निवडतात, की दोघांच्या गेटवेचा मॅक अगदी सारखा. माझ्या एका जुन्या कामात असे दोन गेटवे एक झाले होते. एका ग्राहकाने गेटवे मेंटेनन्ससाठी बंद केला आणि दुसऱ्याच्या चौदा सर्व्हिस मॅपवर लाल झाल्या. प्रत्यक्षात त्याचं काहीच बंद नव्हतं. दोन दिवस आम्ही नेटवर्कमधला दोष शोधत बसलो होतो.

उपाय सरळ आहे. प्रत्येक कलेक्टर, म्हणजे ग्राहकाच्या नेटवर्कमध्ये बसून माहिती आणणारा एजंट (सर्व्हिसनाऊवाले त्याला मिड सर्व्हर म्हणतात), एकाच टेनंटचा हवा. त्याने आणलेल्या प्रत्येक नोंदीवर टेनंटचा शिक्का कलेक्टरच्या ओळखीवरून, सर्व्हरच्या बाजूने लागला पाहिजे. कलेक्टरने पाठवलेल्या मजकुरातला ‘टेनंट’ शब्द प्रमाण मानू नका. आणि ओळख पटवण्याच्या प्रत्येक नियमात टेनंट हा पहिला घटक हवा: टेनंट अधिक सिरियल, टेनंट अधिक नेटवर्क झोन अधिक आयपी. झोन अशासाठी, की एकाच ग्राहकाने दुसरी कंपनी विकत घेतली की त्याच्या घरातच पत्ते एकमेकांवर चढतात. शिक्का नसलेली नोंद आली तर ती ग्लोबलमध्ये नको, बाजूला अडकवून ठेवा. कुणीतरी ओरडेल, मग कारण कळेल.

कलेक्टरचाच दुसरा विषय क्रेडेन्शियल. बरीच डिस्कव्हरी सॉफ्टवेअर हाताशी असलेली सगळी क्रेडेन्शियल एकामागून एक लावून बघतात. त्यांवर टेनंटची मर्यादा नसेल तर पहिल्या ग्राहकाचा एसएसएच पासवर्ड दुसऱ्याच्या मशीनपुढे ठेवला जातो. लॉगिन फसलं तरी पासवर्ड त्या मशीनपर्यंत पोचलेला असतो. नेटवर्क उपकरणांची माहिती वाचायच्या एसएनएमपी व्ही२सीची कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे तिथला पासवर्डच, तर तारेवरून उघडीच जाते. याला कोणी डेटाची गळती म्हणत नाही, कारण मॅपवर काही दिसत नाही. मी मात्र याला नाव दिसण्यापेक्षा गंभीर समजते. तुमच्या सिस्टिममध्ये क्रेडेन्शियलच्या यादीत ‘सगळ्यांसाठी’ असा पर्याय निवडलेल्या किती ओळी आहेत, ते आज संध्याकाळीच मोजा.

सामाईक थर

आता घोडं जिथे पेंड खातं तिथे येऊ. बारा ग्राहकांचे सर्व्हर वेगळे करणं कंटाळवाणं असलं तरी अवघड नाही. पण ज्या होस्टवर तिघांची व्हर्च्युअल मशीन आहेत तो होस्ट कोणाचा?

तो तुमचा. म्हणजे सेवा देणाऱ्याचा. त्याच्यासाठी तेरावा टेनंट करा आणि सगळी सामाईक यंत्रणा तिथे ठेवा: होस्ट, स्टोरेज, लोड बॅलन्सर, कोअर स्विच, सामाईक डेटाबेस क्लस्टर. तो ग्लोबल नाही, इतर बारांसारखाच एक बंद टेनंट आहे. इथवर बहुतेकांचं एकमत होतं. मग पुढचा प्रश्न येतो की ग्राहकाला त्याच्या मॅपमध्ये खालचा थर दाखवायचा कसा?

मोहाचा रस्ता म्हणजे तेराव्या टेनंटमधल्या नोंदी बाकीच्यांना ‘फक्त वाचण्यासाठी’ खुल्या करणं. तो घेऊ नका. सामाईक उपकरणाच्या नुसत्या तपशिलात काय-काय असतं ते बघा. लोड बॅलन्सरवरच्या एकाच सर्टिफिकेटमध्ये अनेक डोमेननावं असतात, म्हणजे तुमच्या ग्राहकांची यादीच. पूल आणि व्हर्च्युअल सर्व्हर यांची नावं माणसांनी ठेवलेली असतात आणि माणसं त्यात ग्राहकाचं नाव घालतातच. डेटास्टोअरचंही तेच. सामाईक डेटाबेस सर्व्हरवर स्कीमांची, म्हणजे डेटाच्या कप्प्यांची, यादी असते. ट्रॅफिकवरून मॅप बनवत असाल तर चालू कनेक्शनच्या तक्त्यात बाकी ग्राहकांचे आयपी असतात. प्रोसेसच्या कमांड लाइनमध्ये तर मी कनेक्शन स्ट्रिंग पासवर्डासकट पाहिल्या आहेत. नोंद एक, आणि तिच्या पोटात बारा जणांची गुपितं.

मी वापरते ती पद्धत सावली नोंदींची. ग्राहकाच्या टेनंटमध्ये खऱ्या होस्टऐवजी त्याची सावली ठेवायची. तिच्यावर मोजकीच माहिती असते: ‘सामाईक कंप्यूट, गट ३’ असं तटस्थ नाव, प्रकार, सध्याची स्थिती, पुढच्या मेंटेनन्सची वेळ. ग्राहकाच्या व्हर्च्युअल मशीनपासून सावलीपर्यंतचा दुवा ग्राहकाचा. सावलीपासून खऱ्या होस्टपर्यंतचा दुवा तेराव्या टेनंटचा, आणि तो ग्राहकाच्या बाजूने दिसतही नाही, ओलांडताही येत नाही. स्थिती फक्त एका दिशेने वाहते, खऱ्या होस्टकडून सावलीकडे. होस्ट लाल झाला की त्याच्या सगळ्या सावल्या लाल होतात. प्रत्येक ग्राहकाला आपली सावली दिसते, आणि तुमच्या ऑपरेशन्सच्या माणसाला होस्टपासून सगळ्या सावल्या दिसतात.

यातून एक नियम निघतो जो डेटाबेसच्या पातळीवर तपासता येतो: दुव्याची दोन्ही टोकं एकाच टेनंटची असली पाहिजेत. अपवाद फक्त सावली आणि मूळ यांच्यामधला दुवा. हा नियम मोडणारा दुवा साठवायलाच नकार द्या.

खर्च आहे, तो लपवत नाही. सामाईक उपकरणं चाळीस आणि ग्राहक बारा धरले तर जास्तीत जास्त चारशे ऐंशी सावल्या होतील. प्रत्यक्षात त्याहून खूप कमी, कारण प्रत्येक ग्राहक प्रत्येक उपकरणावर नसतो. पण हाताने सांभाळायला तेवढ्याही जास्तच. व्हर्च्युअल मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर सरकलं की सावली बदलायला हवी, म्हणून सावल्या आपोआपच तयार व्हायला आणि मिटायला हव्यात. वैयक्तिक होस्टची सावली न करता क्लस्टरची केली तर ही धावपळ जवळजवळ संपते. ग्राहकाला तसंही कुठला होस्ट यात रस नसतो.

मॅपिंग इंजिनलाही हे शिकवावं लागतं. वरून खाली मॅप काढताना इंजिन एंट्री पॉइंटपासून, म्हणजे वापरणारा सर्व्हिसमध्ये शिरतो त्या पत्त्यापासून, निघतं, कनेक्शन धरत पुढे जातं आणि समोर एक आयपी येतो. हा आयपी कोणाचा, हे ते शोधणार कुठे? इंजिन स्वतः सिस्टिमच्या अधिकाराने चालतं, त्याला सगळं दिसतं, त्यामुळे ते सगळीकडे शोधतं आणि पहिलं जुळेल ते उचलतं. तुमच्या बिलिंग सर्व्हिसच्या मॅपमध्ये परक्याचा डेटाबेस शिरला तो बहुधा असाच. शोधाची हद्द ठरवून द्या: आधी त्याच टेनंटचा तोच झोन, मग त्याच टेनंटच्या सावल्या, आणि तिथेही नाही मिळालं तर ‘अनोळखी टोक’ म्हणून मॅप तिथेच थांबवा. अर्धवट मॅप बघून ग्राहक प्रश्न विचारेल. दुसऱ्याच्या घरात शिरलेला मॅप बघून तो वकील आणेल.

परिणाम मोजणाऱ्या भागातही डोकावून बघा. ‘या बिघाडाचा एकूण २३ सर्व्हिसवर परिणाम’ असा संदेश, ज्याच्या स्वतःच्या सर्व्हिस फक्त चार आहेत अशा ग्राहकाला गेला, तर बाकी एकोणीस कोणाच्या हे तो विचारणारच. नाव एकही फुटलं नाही, तरी फुटायचं ते फुटलं.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: शिक्का कलेक्टरपाशी, ओळखीच्या नियमात टेनंट पहिला, सामाईक थर स्वतंत्र टेनंटमध्ये, ग्राहकाला सावली, आणि टेनंट ओलांडणारा दुवा नाही. एवढं झालं की अ‍ॅक्सेसचं काम खूप हलकं होतं.

अ‍ॅक्सेस

ग्राहकाच्या लोकांचा अ‍ॅक्सेस सोपा असतो, त्यांना त्यांचा टेनंट. त्रास तुमच्या स्वतःच्या लोकांचा आहे. ‘काय करता येईल’ आणि ‘कोणासाठी करता येईल’ या दोन गोष्टी एकाच रोलमध्ये बांधू नका. बारा ग्राहक आणि पाच प्रकारची कामं एकत्र बांधली की साठ रोल होतात, आणि सहा महिन्यांनी कोणता रोल कशासाठी हे कोणालाच आठवत नाही. रोल पाचच ठेवा. प्रत्येक मुभा ही माणूस, रोल, टेनंट आणि मुदत अशा चौकटीत द्या. मुदत नसलेली मुभा माझ्याकडे मंजूर होत नाही, मग मागणारा कितीही वरचा असो.

सगळे टेनंट एकत्र बघण्याची सोय ऑपरेशन्सला लागते, ती काढून घेऊ नका. पण त्या अवस्थेत फक्त वाचता यावं. काही लिहायचं असेल तर आधी टेनंट निवडावा लागला पाहिजे. नाहीतर इंजिनिअर सकाळी सगळं उघडून बसतो, घाईत हाताने एक नोंद टाकतो, आणि ती ग्राहकाच्या डोमेनमध्ये न जाता त्याच्या स्वतःच्या वरच्या डोमेनमध्ये जाऊन बसते. ग्राहकाला ती दिसत नाही, म्हणून तो पुन्हा बनवतो, आणि आता दोन आहेत.

आता ज्यावर कोणाचंच लक्ष नसतं ती जागा: माणसाशिवाय चालणारी कामं. शेड्यूल केलेला रिपोर्ट तो बनवणाऱ्याच्या अधिकाराने चालतो. बनवणारा तुमचा अ‍ॅडमिन असतो, आणि पीडीएफ जातो ग्राहकाच्या मेलबॉक्समध्ये. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हे. एपीआयचं, म्हणजे प्रोग्रॅमने प्रोग्रॅमशी बोलायच्या वाटेचं, सर्व्हिस अकाउंटही तसंच. सर्च इंडेक्सही बहुधा सगळ्यांचा एकच असतो, आणि टाइप करता करता येणाऱ्या सूचना कुठून येतात हे कोणी तपासत नाही. नुसत्या अ‍ॅक्सेस नियमांवर भागवलं तर आणखी एक गंमत होते. सर्व्हिसनाऊच्या यादीखाली ‘सुरक्षेच्या कारणाने इतक्या ओळी काढल्या’ असा संदेश येतो. ओळी दिसत नाहीत, पण आहेत हे कळतं, आणि किती हेही कळतं. डोमेनची गाळणी क्वेरीतच लागते, तिथे हा आकडा जन्मालाच येत नाही. एपीआयमध्येही दुसऱ्या टेनंटची नोंद मागितली तर उत्तर ‘परवानगी नाही’ असं नको, ‘सापडली नाही’ असं हवं.

रिपोर्टसाठी तुम्ही मॅपचा डेटा पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ओतता असं लिहिलंय, म्हणून तिथलं थोडं खोलात सांगते. ओळींच्या पातळीवरची सुरक्षा त्यात ९.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून आहे, आणि ती चांगली आहे. पण टेबलचा मालक तिच्यातून सुटतो, जोवर तुम्ही टेबलवर ‘फोर्स’ लावत नाही. सुपरयुजर, म्हणजे सगळे अधिकार असलेलं अकाउंट, तर फोर्स लावूनही सुटतो. त्यामुळे रिपोर्टचं अकाउंट टेबलचा मालक नसावं आणि सुपरयुजर तर नसावंच. व्ह्यू (साठवून ठेवलेल्या क्वेरी) आपल्या मालकाच्या अधिकाराने चालतात, विचारणाऱ्याच्या नाही. हे बदलायची सोय १५ व्या आवृत्तीत आली, ‘सिक्युरिटी इन्व्होकर’ नावाने, आणि ती चालू करावी लागते. युनिक (मूल्य एकदाच यावं) आणि फॉरेन (दुसऱ्या टेबलशी नातं) की यांच्या तपासण्या ही सुरक्षा बघत नाहीत. म्हणून होस्टनेम सगळ्या टेनंटमध्ये मिळून युनिक ठेवलं असेल, तर ‘हे नाव आधीच आहे’ ही चूकच शेजाऱ्याची बातमी देते. युनिक कीमध्येही टेनंट घाला. आणि मध्ये पीजीबाउन्सर (डेटाबेसची कनेक्शन अनेकांत वाटून देणारं सॉफ्टवेअर) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल तर टेनंटचं नाव साध्या ‘सेट’ने देऊ नका. कनेक्शन दुसऱ्याच्या हाती जातं तेव्हा ते मूल्य तसंच राहू शकतं. ‘सेट लोकल’ वापरा, म्हणजे ते ट्रान्झॅक्शनबरोबर संपतं.

तपासणी आणि साफसफाई

दोन खोटे टेनंट बनवा आणि त्यांना मुद्दाम जुळे ठेवा: तेच आयपी पट्टे, तीच होस्टनेम, एकाच क्लोनमधून काढलेली मशीन, तोच व्हीआरआरपी गट. एकाच्या सगळ्या नावांत, वर्णनांत आणि टॅगमध्ये कुठेही न आढळणारा एक विचित्र शब्द पेरा. मग दुसऱ्याच्या लॉगिनने जे-जे बाहेर पडतं ते सगळं गोळा करा: मॅप, पीडीएफ, सीएसव्ही, मेल, एपीआयची उत्तरं, एरर मेसेज, सर्चच्या सूचना. त्यात तो शब्द शोधा. हे प्रत्येक अपग्रेडनंतर आपोआप चालू द्या. खऱ्या ग्राहकांच्या डेटावर ही परीक्षा होत नाही, कारण गळती झाली तरी ओळखायची कशी?

सध्याच्या गोंधळातून बाहेर पडताना पहिल्याच दिवशी एक क्वेरी चालवा: ज्यांची दोन टोकं वेगवेगळ्या ‘कंपनी’ची आहेत असे दुवे किती? हा आकडा भिंतीवर लावा. त्यानंतर ग्राहकाकडे जाणारे शेड्यूल्ड रिपोर्ट आणि एक्सपोर्ट तूर्त थांबवा, कारण चालू गळती तिथेच बंद होते. मग क्रेडेन्शियल, मग कलेक्टर आणि ओळखीचे नियम, आणि त्यानंतर सामाईक थर. आधीच एकत्र झालेल्या नोंदी हाताने सोडवत बसू नका, ते न संपणारं काम आहे. माणसांनी भरलेली माहिती, म्हणजे सर्व्हिसचा मालक, शेरे, मंजुऱ्या, आधी बाहेर काढून ठेवा. मग त्या नोंदी आणि त्यांच्यावरचे मॅप निकाली काढा आणि एंट्री पॉइंटपासून नव्याने डिस्कव्हरी चालवा. मशीनने शोधलेलं मशीनला पुन्हा शोधता येतं.

आता राहिला निघालेला ग्राहक. वरची साफसफाई त्याच्यापासूनच सुरू करा, तीन महिने पुरतात. त्याचा टेनंट नीट वेगळा झाला की त्याच्या सगळ्या नोंदी, दुवे आणि त्याच्या बाजूच्या सावल्या एका निकषाने निवडता येतात. देताना सावल्या आहेत तशाच द्या, खऱ्या होस्टची नावं भरून देऊ नका. ती तुमची आहेत आणि बाकी अकरा जणांशी जोडलेली आहेत. पुसताना सावल्या गेल्या तरी तेराव्या टेनंटमधलं काही मोडत नाही. चालू डेटाबरोबर मॅपचे जुने स्नॅपशॉट, बदलांचा इतिहास, सर्च इंडेक्स, तो पोस्टग्रेस आणि कलेक्टरच्या मशीनवरचे लॉग हेही यादीत घ्या. लोक कलेक्टरचे लॉग हमखास विसरतात. त्याची क्रेडेन्शियल पुसण्याआधी त्याने त्याच्या बाजूला ती बदलली आहेत असं लेखी घ्या. जुन्या बॅकअपमधून त्याच्या ओळी वेचता येणार नाहीत, हे त्याला आत्ताच सांगा आणि शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेला कालबाह्य होईल ती तारीख लिहून द्या. ऑडिट लॉगमध्ये कोणी काय पाहिलं याच्या नोंदी ठेवाव्या लागत असतील तर तेवढ्या ठेवा, आणि ठेवल्यात हेही त्याच पत्रात लिहा.